रात्रंदिवस चालणारा, पण ऐकू न येणारा संगणक

घरच्या सर्व्हरबद्दल वर्षभरात आलेली पत्रं पुढ्यात घेऊन बसलो, तर प्रश्न फिरून फिरून तेच. "लग्नाच्या सीडी, मुलांचे फोटो, जमवलेले चित्रपट सगळं एका जागी ठेवून टीव्हीवर बघायचंय, कोणता प्रोसेसर घेऊ?" "जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्याचाच सर्व्हर केला तर?" "दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड लागेलच. खरं का?" आणि एका काकूंचा सरळ सवाल: "आमच्या ह्यांनी हॉलमध्ये जे काही बसवलंय ते रात्रभर घुरघुरतं. त्याचं काय करू?"

काकूंचा प्रश्न मला सगळ्यात शहाणा वाटतो. घरात चोवीस तास चालू राहणाऱ्या वस्तू मोजक्याच: फ्रिज, राउटर आणि आता हा संगणक. म्हणून फ्रिज घेताना आपण जे विचारतो तेच इथेही विचारायचं. वीज किती खाणार, आवाज किती करणार, वीज गेली-आली तर काय होणार, बिघडला तर कोण बघणार? वेगाची चौकशी सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक घरांत ती करावीच लागत नाही.

खरेदीच्या आधी मीटरपाशी जा

घरातला जुना टॉवर वापरायचा विचार असेल, तर तो रिकामा बसलेला असताना किती वीज खातो ते आधी पाहा. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग असेल तर उत्तमच. नसेल तर घराचं मीटर आहेच. त्यावर एक दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा एक आकडा छापलेला असतो. एका युनिटमागे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते तो आकडा सांगतो.

१. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, पाण्याचा फिल्टर, टीव्हीचा स्टँडबाय सगळं बंद करा. दिवा थांबला की नाही ते पाहा.
२. फक्त संगणक चालू करा आणि तो सुरू होऊन शांत बसेपर्यंत पाच-सात मिनिटं थांबा. मॉनिटर बंद ठेवा.
३. दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा.
४. त्या संख्येला ६००० ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. उत्तर वॉटमध्ये मिळेल.

माझ्या जुन्या टॉवरचे दहा मिनिटांत ३४ आले. मीटरवर ३२०० लिहिलेलं, म्हणजे सुमारे ६४ वॉट, तेही काहीच काम करत नसताना. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा मोजले तर २५, म्हणजे ४७ वॉट. एक स्क्रू काढून १७ वॉट वाचले. सध्या जो छोटा डबा (मिनी पीसी) वापरतो त्याचे पाच येतात. जिन्यात कागद-पेन्सिल घेऊन मीटरकडे टक लावून बसलेला माणूस पाहून शेजारी काय म्हणायचं ते म्हणतात, पण हा आकडा कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

आता पैशांचं. सोयीसाठी युनिट दहा रुपयांना धरू. ६० वॉट सतत म्हणजे महिन्याला ४३ युनिटं, अर्थात ४३० रुपये. १० वॉट सतत म्हणजे सव्वासात युनिटं, साधारण ७२ रुपये. वर्षाला फरक चार हजारांच्या वर. तुमचा खरा दर काढताना बिलावरचा नुसता 'वीज आकार' पाहू नका. वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क त्यात मिळवा. शिवाय महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी. तुमचा वापर २९० च्या आसपास असेल, तर या संगणकाची बरीचशी युनिटं वरच्या टप्प्यातली पडतील. म्हणून सरासरी दराने हिशेब न करता तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने करा.

आणखी एक गैरसमज. प्रोसेसरच्या माहितीत '३५ वॉट', '६५ वॉट' असे आकडे असतात. ती भरपूर काम करताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल याची मोजपट्टी आहे. घरचा सर्व्हर दिवसातले वीस तास रिकामा असतो, त्यामुळे बिल ठरतं ते रिकामपणीच्या वॉटवर. ६५ वॉटचा प्रोसेसर असलेलं चांगलं यंत्रही रिकामपणी पंधरावर येऊ शकतं.

तुमचा टीव्ही काय वाचू शकतो?

दुकानात जाऊन प्रोसेसर विचारण्याआधी पेनड्राइव्ह घ्या. तुमच्याकडच्या चित्रपटांतल्या चार-पाच वेगवेगळ्या फाइली त्यावर टाका. एक जुन्या लग्नाच्या डीव्हीडीतली, एक मोबाइलवर काढलेली, एक फोर-के, एक सबटायटल असलेली. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून त्या चालतात का बघा.

हे एवढं महत्त्वाचं का? फाइल टीव्हीला कळत असेल तर सर्व्हरचं काम पोस्टमनचं. पाकीट उचलायचं, दारात द्यायचं. हे काम दहा वर्षांपूर्वीचं यंत्रही झोपेत करील. फाइल टीव्हीला कळत नसेल, तर सर्व्हरला पाकीट फोडून प्रत्येक ओळीचं भाषांतर करत करत ती वाचून दाखवावी लागते. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. पंखे भिरभिरतात, वीज जाते, चित्र अडखळतं ते इथे. आणि 'ताकदवान मशीन घ्या' हा सल्ला येतो तोही इथूनच.

पेनड्राइव्हवरच्या फाइली चालल्या, तर सर्व्हरकडून आलेल्याही बहुतेक तशाच चालतील. अडतं ते साधारण या ठिकाणी:

- एचईव्हीसी किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी साठवलेलं चित्र: जुन्या टीव्हींना ते कळत नाही. अशा वेळी नवा सर्व्हर घेण्यापेक्षा टीव्हीच्या मागे लावायची चांगली स्ट्रीमिंग स्टिक स्वस्त पडते, आणि भाषांतराची गरजच संपते.
- डीटीएस आवाज: चित्र दिसतं, आवाज नाही. घाबरू नका. नुसत्या आवाजाचं रूपांतर हलकं काम आहे, कोणतंही यंत्र ते करतं.
- चित्ररूप सबटायटल: ब्लू-रेमधून आलेली सबटायटलं अक्षरांची नसून छोट्या चित्रांची असतात. टीव्हीवरच्या अॅपला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हरला ती चित्रात मुरवून पूर्ण व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. तीच सबटायटलं साध्या मजकुराच्या एसआरटी फाइलमध्ये मिळवून ठेवा.
- वायर: अनेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं. फोर-के ब्लू-रेची मूळ फाइल मध्येच याच्या वर जाऊ शकते. अशा टीव्हीला राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय केबलपेक्षा बरं चालतं. ऐकायला उलटं वाटेल, पण करून पाहा.

एवढं करूनही रूपांतर लागणारच असेल, म्हणजे घरात तीन-चार वेगवेगळे टीव्ही आणि मोबाइल असतील, तर इंटेलच्या प्रोसेसरमध्येच बसवलेली 'क्विक सिंक' नावाची यंत्रणा ते काम थोड्या विजेत उरकते. सातव्या पिढीपासून ती १० बिट एचईव्हीसी सांभाळते. एव्ही१ वाचणं अकराव्या पिढीपासून आलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड घरगुती सर्व्हरला लागत नाही. दुकानदाराला हे वाक्य सांगून बघा, तो विषय बदलेल.

चार पर्याय

घरातला जुना लॅपटॉप. माझ्या मते सुरुवात इथून करावी. स्क्रीन बंद असताना वीज थोडी खातो आणि बॅटरी म्हणजे अंगभूत यूपीएसच. झाकण मिटलं तरी चालू राहील अशी सेटिंग करा. धोका एकच, पण तो गंभीर: चोवीस तास चार्जरवर असलेली जुनी बॅटरी फुगते. कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती वापरा. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला, झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगलीय असं समजा. तो लॅपटॉप त्याच दिवशी बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

कंपन्यांतून निघालेला छोटा डबा. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी. जाड पुस्तकाएवढे, बाहेरच्या अॅडॅप्टरवर चालणारे. कंपन्या तीन-चार वर्षांनी हे बदलतात आणि ते बाजारात येतात. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'टी' असेल तर तो कमी विजेचा. आठव्या पिढीचा मिळाला तर विंडोज ११ ही अधिकृतपणे चालतं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यामुळे विंडोजच हवं असणाऱ्यांनी हे पाहावं. लिनक्स टाकणार असाल तर सातवी पिढीही पुरे.

एन१०० चा नवा डबा. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा हा चार कोअरचा प्रोसेसर, मोजमाप ६ वॉटचं. एव्ही१ वाचतो. भिंतीतून ओढतो दहाच्या आसपास. पंखा नसलेले डबेही मिळतात. अनोळखी ब्रँड घेताना मात्र वॉरंटी भारतात कोण देणार हे लेखी घ्या. अॅडॅप्टरही तपासा. सोबत येणारे काही अॅडॅप्टर फारच तकलादू असतात.

रास्पबेरी पाय. फाइली वाटायला, जाहिराती अडवायला, 'कोडी' हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर लावून थेट टीव्हीला जोडायला छान. सर्व्हर म्हणून रूपांतर करायला नाही. पाय ५ मध्ये व्हिडिओ नव्याने बनवायची हार्डवेअर यंत्रणाच ठेवलेली नाही. शिवाय डबी, अॅडॅप्टर, पंखा, कार्ड धरलं की किंमत वापरलेल्या छोट्या डब्याजवळ जाते.

टॉवर बांधायचाच असेल, म्हणजे तीन-चार मोठ्या डिस्क ठेवायच्याच असतील, तर एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) ६५० वॉटचा घेऊ नका. पंधरा-वीस वॉटच्या कामाला एवढा मोठा एसएमपीएस म्हणजे एका कप चहासाठी लग्नाचं पातेलं. इतक्या कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. मात्र डिस्क फिरायला सुरुवात करताना प्रत्येकी वीसेक वॉट क्षणभर ओढते, तेवढी जागा ठेवा. चांगल्या दर्जाचा लहान एसएमपीएस शोधावा लागतो, पण सापडतो.

वापरलेलं घेताना काउंटरवर काय तपासाल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एसपी रोड: कुठेही जा, घाई करू नका. पहिला डबा घेतला तेव्हा मी केली. घरी आणून लावला तर सगळं चालू, पण इतकं संथ की फोल्डर उघडायला जांभई यावी. दोन रविवार रॅम बदल, विंडोज पुन्हा टाक, यात गेले. शेवटी सुरू होताना अर्धा सेकंद चमकणारी एक ओळ दिसली: अॅडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही. दुकानदाराने जाड पिनचा भलताच अॅडॅप्टर दिला होता. तो यंत्राला ओळख पटवत नव्हता, आणि प्रोसेसर भीतीने स्वतःला जखडून बसला होता. योग्य अॅडॅप्टर आणला आणि तोच डबा पळायला लागला. म्हणून:

- अॅडॅप्टर त्याच कंपनीचा, तितक्याच वॉटचा आहे ना? तो लावूनच यंत्र सुरू करायला सांगा, आणि सुरू होताना पडद्याकडे लक्ष द्या.
- बायॉस, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडा. पासवर्ड मागितला तर यंत्र तिथेच ठेवा. जुन्या कंपनीचं कुलूप काढणं तुमचं काम नाही.
- क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. डिस्क किती तास चालली आणि 'रीअॅलोकेटेड सेक्टर' किती हे दिसेल. तास भरपूर असले तरी चालेल. ते सेक्टर शून्याच्या वर गेलेले असतील तर डिस्क नाकारा.
- दहा मिनिटं व्हिडिओ चालवून पंखा ऐका. बाजारातल्या गोंगाटात कान डब्याला लावावा लागेल. लावा.
- जीएसटी बिल, त्यावर सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत. 'आमचा स्टिकर आहे ना' हे बिल नव्हे.

आवाज

आपल्याकडे वर्षातले आठ महिने डोक्यावर पंखा फिरतो, त्यामुळे संगणकाचा आवाज ऐकूच येत नाही. डिसेंबरात पंखा बंद होतो आणि मग कळतं. माझ्याकडे असंच झालं. रात्री साडेअकराला आईने हाक मारली, "अरे, ते फ्रिजसारखं काय वाजतंय?" फ्रिज स्वयंपाकघरात शांत. आवाज येत होता लोखंडी कपाटातून. कपाटावर ठेवलेल्या हार्ड डिस्कची थरथर पत्र्यात उतरत होती, आणि पूर्ण कपाट तबल्याच्या डग्ग्यासारखं घुमत होतं. डिस्क हातात उचलली की आवाज गायब, खाली ठेवली की हजर. पायपुसण्याची चौपदरी घडी डिस्कखाली सरकवली आणि आई झोपली. दुसऱ्या दिवशी घडीच्या जागी जाड स्पंजचे चार तुकडे ठेवले, फक्त कोपऱ्यांखाली, म्हणजे खालून हवा खेळती राहते.

तेव्हा आधी आवाज कुठून येतो ते शोधा, मग खर्च करा. स्वयंपाकघरातला फॉइलचा रोल संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी घ्या. एक टोक कानाला, दुसरं यंत्राच्या एकेका भागाजवळ. डॉक्टरांसारखं.

- खालच्या पट्टीतली घुमघुम: डिस्कची थरथर. रबरी वॉशर, स्पंज, किंवा टेबल बदला. घरात फिरती डिस्क ठेवायचीच असेल तर यंत्रासकट ती राउटरजवळ, पॅसेजमध्ये न्या. टीव्हीशेजारी सर्व्हर असलाच पाहिजे असं नाही.
- सूंऽऽ असा वारा: पंखा वेगात आहे. आधी धूळ काढा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा भिरभिरून बेअरिंग जातं. मग प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. पाच वर्षं जुन्या यंत्रात एवढ्याने जो फरक पडतो तो नवा पंखा घेऊनही पडत नाही. त्यानंतर बायॉसमध्ये पंख्याचा वेग उतरवा.
- खरखर: बेअरिंग संपलं. तेल घालण्याचे प्रयोग आठवडाभर टिकतात. पंखा बदला. टॉवरमध्ये जागा असेल तर मोठा, १२० मिलिमीटरचा, संथ फिरणारा घ्या. तेवढीच हवा मोठं पातं कमी फेऱ्यांत हलवतं.
- डासासारखी बारीक शिट्टी: ही बहुधा कॉइलची. पंख्याशी तिचा संबंध नाही. एसएमपीएस किंवा अॅडॅप्टर बदलून बघा, नाही गेली तर जागा बदला.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फिरणारं काही ठेवायचंच नाही: एसएसडी आणि पंखा नसलेला डबा. पण इथे हवामान आडवं येतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेला बिनपंख्याचा डबा गुदमरणारच. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून जगतो, डिस्कला ती सोय नाही. ती ५० अंशांच्या आत राहील असं बघा. विदर्भ-मराठवाड्यात मी संथ पंख्याचाच डबा घेईन. कोकण-गोव्यात प्रश्न खाऱ्या दमट हवेचा. तिथे यंत्र चालू ठेवलेलं बरं, कारण आतली ऊब ओल धरू देत नाही. पावसाळाभर बंद ठेवून दिवाळीत चालू कराल तर पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज भेटेल. आणि सगळीकडेच, टॉवरच्या मागच्या रिकाम्या पट्ट्यांना जाळी लावा. एसएमपीएसची ऊब पालीला फार आवडते. ती आत गेली की दोघांचंही संपतं.

वीज जाते तेव्हा

सर्व्हर बिघडण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण म्हणजे वीज जाणं-येणं. काही गोष्टी आजच करा.

बायॉसमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचं' अशी एक सेटिंग असते, ती 'चालू हो' वर ठेवा. नाहीतर तुम्ही गावाला, वीज गेली-आली, आणि सर्व्हर बंद तो बंदच. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं छोटं बटण पाहा: बहुतेकांना 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असे दोन प्रकार असतात. 'यूपीएस' वर बदल इतक्या झटकन होतो की संगणकाला कळत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही एसएमपीएस गुणगुणतात, क्वचित बंदही पडतात. साइन वेव्ह असेल तर निश्चिंत. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो.

बाहेरच्या डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट असेल तर वीज गेल्यावर फोल्डर गायब होण्याची भीती जास्त. विंडोजवर एनटीएफएस, लिनक्सवर ईएक्सटी४ करा. फॉरमॅट करताना सगळं पुसलं जातं हे मात्र आधी लक्षात घ्या.

यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नाही. त्यावर लाकडी फळी, रबरी चप्पल हे उपाय नाहीत. इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर ब्रॉडबँडची तांब्याची केबलही काढा. अनेक राउटर त्या वाटेने जातात.

सॉफ्टवेअर थोडक्यात

जेलीफिन हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. २०१८ च्या अखेरीस ते एम्बी या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालं. हार्डवेअरने रूपांतर करायलाही ते पैसे मागत नाही. प्लेक्स मांडायला सोपं, पण हार्डवेअर रूपांतरासाठी वर्गणी लागते, आणि २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ पाहायलाही. मी जेलीफिन सुचवतो. एकच टीव्ही असेल आणि डबा त्यालाच जोडलेला असेल तर सर्व्हरचा घाट न घालता कोडी लावा.

फाइलींच्या नावात वर्ष टाका. फोल्डरला नुसतं 'सिंहासन' नाव दिलंत, तर जब्बार पटेलांच्या १९७९ च्या चित्रपटाला १९८६ च्या हिंदी 'सिंहासन'चं, म्हणजे जितेंद्रचं, पोस्टर लागू शकतं. नाव आणि कंसात वर्ष, प्रत्येक चित्रपटाला वेगळा फोल्डर. घरगुती व्हिडिओंची लायब्ररी वेगळी करा आणि तिच्यासाठी इंटरनेटवरून माहिती शोधणं बंद ठेवा, म्हणजे मुंजीच्या व्हिडिओला कुठल्यातरी कोरियन मालिकेचं नाव चिकटणार नाही.

दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणारी रचना, म्हणजे रेड, ही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं दोन्हीकडून पुसलं जातं. चित्रपट पुन्हा मिळतील, आजोबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ नाही. तेवढ्याची तिसरी प्रत भावाकडे किंवा मुलीकडे ठेवा, आणि दर दिवाळीला तिथे जाल तेव्हा बदला.

परगावाहून पाहायचं असेल तर

"दुबईतल्या मुलीला घरचे व्हिडिओ दिसतील का?" दिसतील. घरगुती ब्रॉडबँडवर अनेकदा एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून पोहोचता येत नाही. उघडता येत असला तरी उघडू नका. टेलस्केलसारखी खासगी जोडणी दोन्हीकडे टाका. पोर्ट न उघडता काम होतं. तुमचा अपलोडचा वेग किती आहे ते पाहा, तिला तेवढाच मिळणार.

कायद्याचंही सांगतो, कारण विचारणा बरीच असते. स्वतःच्या खासगी वापरासाठी उचित मर्यादेत प्रत करण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे. पण हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणं २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ प्रमाणे गुन्हा आहे. घरच्या चार माणसांपुरतं ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर पासवर्ड वाटणं किंवा गणपतीच्या मंडपात घरच्या सर्व्हरवरून चित्रपट लावणं हा खासगी वापर नाही.

बिल, वॉरंटी आणि तक्रार

हार्ड डिस्क घेताना काउंटरवर उभे असतानाच तिचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते पाहा. परदेशातून आलेल्या किंवा बाहेरच्या डबीतून काढलेल्या डिस्क स्वस्त मिळतात, पण त्यांना अनेकदा इथे वॉरंटी नसते. डिस्कच्या माहितीत सीएमआर लिहिलंय की एसएमआर (डिस्कवर लिहिण्याच्या या दोन पद्धती) तेही विचारा. सतत लिहिणं असेल, अनेक डिस्क एकत्र बांधणार असाल, तर सीएमआरच घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी या हक्कापुढे टिकत नाही. वाद झाला तर:

- दुकानदाराला आधी लेखी कळवा. व्हॉट्सअॅप चालेल, पण बिलाचा फोटो, सिरियल नंबर आणि दोष एकाच निरोपात लिहा.
- उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. वकील लागतोच असं नाही.

डिस्क वॉरंटीत बदलून मिळते तेव्हा दुसरी मिळते. तुमची परत येत नाही, आणि तिच्यावरचं काहीही परत येत नाही. देण्याआधी ती थोडी जरी वाचता येत असली तरी हवं ते उतरवून घ्या, उरलेलं पुसा, आणि बँकेची कागदपत्रं तिच्यावर होती का ते घरच्यांना विचारून मगच कुरिअर करा.